नागपूरकरांना 'बाहेरचा' कोण वाटतो, आणि का?

2025 साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा सरकारी निर्णय आला, त्यावरून राज्यभर रान उठलं आणि 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत ठाण्याच्या आत्येबहिणीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्या नागपुरात तर ऑटोवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे हिंदीच बोलतात. तुम्हा लोकांना काहीच कसं वाटत नाही रे?" मी म्हणालो, "आम्हाला सवय आहे, ताई." फोन ठेवला, पण उत्तर माझं मलाच पटलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या लेआउटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीला आम्ही लेआउट म्हणतो) बैठक होती आणि विषय होता, बांधकामावरच्या 'बाहेरच्या' मजुरांना सामायिक बोअरचं पाणी भरू द्यायचं की नाही. दोन तास वाद झाला. म्हणजे वाटतं, आम्हालाही वाटतं. फक्त ते ठाण्यात वाटतं तसं, तिथे आणि तेवढं वाटत नाही.

असं का होतं, यावर समाजशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ बरीच वर्षं काम करत आहेत. दोन माणसं घ्या. वय सारखं, शिक्षण सारखं, पगार साधारण सारखा. एक ठाण्यात राहतो, दुसरा नागपुरात. बाहेरून आलेल्यांबद्दल दोघांची मतं वेगळी का? एकाच पिशवीतलं तुरीचं बियाणं काळ्या मातीत पेरलं आणि बरडावर पेरलं, तर झाड सारखं येत नाही. माणसाचं मतही शहराच्या मातीत वाढतं. ती माती म्हणजे तिथला रोजगार, पाणी, वस्त्यांची रचना, भाषेचा इतिहास आणि पुढाऱ्यांची भाषणं.

## आधी शब्द नीट करून घेऊ

जनगणनेच्या हिशेबात स्थलांतरित म्हणजे ज्याचं मागचं राहण्याचं ठिकाण आणि आत्ताचं ठिकाण वेगळं आहे असा कोणीही. माझी आई लग्न होऊन काटोलहून नागपूरला आली, तीही यात मोजली जाते. 2011 च्या जनगणनेत असे देशात सुमारे 45 कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यांत सर्वांत मोठा गट लग्नामुळे गाव सोडलेल्या बायकांचा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले साधारण साडेपाच कोटी, म्हणजे आठांत एक. 'स्थलांतर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परप्रांतीयच येतो, पण बहुतेक स्थलांतर राज्यातल्या राज्यात, अनेकदा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतं.

बोलण्यातले शब्द मात्र जनगणनेला विचारून येत नाहीत. कोळसा कंपनीच्या मुख्यालयात कोलकात्याहून आलेला अधिकारी 'बदलीवर आलाय'. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-प्रकल्पात, हैदराबादहून आलेली मुलगी 'जॉबसाठी आलीय'. जरीपटक्यातल्या दुकानदाराचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले, पण तो 'आपलाच'. आणि बालाघाटहून प्लास्टरच्या कामाला आलेलं जोडपं 'बाहेरचे लोक'. नकाशा पाहिला तर नागपूरहून पुण्यापेक्षा बालाघाट कितीतरी जवळ आहे. इंग्रजी अमलात तो जिल्हा नागपूर विभागातच मोडत होता. तरी पुण्याहून आलेल्याला आपण परका म्हणत नाही आणि बालाघाटच्या बाईला म्हणतो. एवढ्यावरूनच दिसतं की 'बाहेरचा' ठरवताना आपण फक्त अंतर आणि राज्याची हद्द मोजत नाही. माणूस काय काम करतो आणि कुठे राहतो, हेही त्या मोजणीत येतं.

## पोहेवाल्याशेजारी दुसरा पोहेवाला

स्थलांतराबद्दलचं पहिलं स्पष्टीकरण रोजगाराचं आहे, आणि ते नागपूरच्या प्रत्येक चौकातल्या ठेल्यावरून समजतं. समजा, माझा तर्री-पोह्याचा ठेला आहे. शेजारी कोणी चहाची टपरी टाकली तर माझं गिऱ्हाईक वाढतं, कारण पोहे खाणाऱ्याला चहा लागतोच. पण शेजारी दुसरा पोहेवाला येऊन उभा राहिला आणि पाच रुपये कमी घेऊ लागला, तर माझं पोट दुखणारच. पहिला माणूस माझ्या कामाला पूरक आहे, दुसरा स्पर्धक. गाव, भाषा, जात तीच असली तरी माझं मत दोघांबद्दल वेगळं असेल.

हे मी सर्वांत जवळून पाहिलं ते मानेवाड्याकडच्या एका चौकातल्या ठिय्यावर. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ठिय्या म्हणजे रोजंदारीचे मजूर सकाळी काम मिळण्याची वाट पाहत उभे राहतात ती जागा. घराच्या गच्चीचं काम काढलं होतं म्हणून मी साडेआठला गेलो. एका बाजूला थापी-ओळंब्याची पिशवी घेतलेले मिस्त्री, पलीकडे डब्याची पिशवी पायाशी ठेवून बसलेल्या रेजा, म्हणजे बांधकामावर ओझी वाहणाऱ्या बायका. त्यांचं आपसात छत्तीसगढी चाललं होतं. गाडी थांबली की सगळे उठून येत, दर ठरला की दोघं-तिघं मागे बसून जात, उरलेले पुन्हा जागेवर. नऊनंतर उठून येण्यातली घाई वाढते आणि आवाज खाली येतो, कारण दहापर्यंत काम नाही मिळालं तर दिवस गेला.

आमचं काम केलं ते मिस्त्री भाऊ मूळचे भंडाऱ्याचे. पंचवीस वर्षांपासून नागपुरात. दुपारी डबा खाताना ते म्हणाले, "भाऊ, ते लोक मेहनती आहेत, त्यात वादच नाही. पण आम्ही जो रेट सांगतो त्याच्यातून ते शंभर-दीडशे कमी घेऊन राह्यले ना. मग ठेकेदार आम्हाले काहून बोलावंल?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "रेजा मात्र तिकडच्याच पाहिजे. आपल्याकडच्या बाया आता या कामाले येत नाहीत."

मिस्त्री भाऊंच्या या दोन वाक्यांत सगळं आलं. बाहेरचा मिस्त्री त्यांचा स्पर्धक आहे, बाहेरची रेजा पूरक. माझ्यासारख्या घरमालकाला दोघंही पूरक, म्हणून मी ऐटीत म्हणू शकतो की मला बाहेरच्यांचं काही वाटत नाही. मला वाटण्याचं कारणच नाही.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायरन वायनर यांनी आसाम, तेलंगण आणि छोटा नागपूर (तो झारखंडातला प्रदेश, आपलं नागपूर वेगळं) इथल्या 'भूमिपुत्र' चळवळींचा अभ्यास करून 1978 मध्ये एक गोष्ट मांडली. स्थानिक शिकलेला तरुण वर्ग तयार होतो, त्याला ज्या नोकऱ्या हव्या असतात त्यांवर आधीच बाहेरून आलेले बसलेले असतात, आणि स्थानिक तरुणाला स्वतः बाहेर जायची वाट नसते, तेव्हा चळवळ पेट घेते. मुंबईत 1966 नंतर, शिवसेना निघाल्यावर, ज्या भांडणानं जोर धरला ते कारकुनी नोकऱ्यांचंच होतं. नागपूरचं उलट आहे. इथला इंजिनिअर झालेला मुलगा पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातो. त्याचे आईवडील दुःखी असतात, पण त्यांचा राग बालाघाटच्या मजुरावर निघत नाही, कारण मुलाची नोकरी त्या मजुरानं घेतलेली नाही.

मुंबईतल्या रहिवाशांच्या मतांचा एक अभ्यास निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केला. बहुसंख्य समाजातल्या लोकांचं मत येणाऱ्याच्या जाती-धर्मापेक्षा स्वतःच्या आर्थिक हितावर जास्त अवलंबून दिसलं. अल्पसंख्य समाजातल्या लोकांना मात्र आपल्यातला माणूस शहरात आला की संख्याबळ वाढतं, सुरक्षित वाटतं, म्हणून तिथे पोटाचा हिशेब आणि ओळखीचा हिशेब एकमेकांत गुंततात. हे निष्कर्ष मुंबईचे आहेत, नागपूरला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. तरी ठिय्यावर उभं राहिलं की त्यातला पहिला भाग पटतो.

## ओळख झाली की भीती जाते, पण कसली ओळख?

दुसरं स्पष्टीकरण ओळखीचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं की वेगवेगळ्या गटांतली माणसं एकमेकांच्या सहवासात आली की पूर्वग्रह कमी होतात. हे वाक्य सगळे सांगतात आणि त्याच्या पुढच्या अटी विसरतात. त्यांनी घातलेल्या अटी अशा की दोघांचा दर्जा त्या प्रसंगी बरोबरीचा हवा, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी, आणि वरच्यांचा, म्हणजे संस्थेचा किंवा कायद्याचा, त्याला पाठिंबा हवा.

नागपूर हे शहरच येणाऱ्यांनी भरत गेलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गोंड राजा बख्त बुलंदनं ते वसवलं, मग भोसले आले आणि त्यांच्यामागे मराठी मुलूख आला. 1821 मध्ये कामठीला छावणी बसली आणि मद्रासी पलटणींबरोबर तमिळ-तेलुगू कुटुंबं आली. 1857 नंतर उत्तरेतले मोमीन विणकर आले, मोमीनपुरा त्यांचाच. 1867 मध्ये मुंबईकडून रेल्वे आली, पुढच्या पंचवीस वर्षांत रूळ छत्तीसगढ ओलांडून बंगालकडे गेले आणि त्या रेल्वेबरोबर बंगाली बाबू आले. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं तो हा दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. 2002 मध्ये मिल बंद होईपर्यंत शहरातल्या कितीतरी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या.

गिरणी, रेल्वे कॉलनी, सरकारी क्वार्टर, बाजार. या जागांत माणूस माणसाला रोज भेटत होता आणि थोड्याफार बरोबरीनं भेटत होता. पगाराची तारीख एक, शिफ्ट एक, मुलांची शाळा एक. भांडणं होती, जातीच्या भिंती तर होत्याच आणि आहेत, तेव्हा जुन्या दिवसांचं सोनेरी चित्र मला रंगवायचं नाही. पण तीस वर्षं एकाच खात्यात काम केलेला तेलुगू सहकारी मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला की तो परका राहत नाही.

आता आजची बांधकामाची साइट पाहा. बेसा, मनीषनगर, वर्धा रोड, हुडकेश्वर, जिकडे पाहाल तिकडे इमारती चढताहेत. मजुराची टिनाची खोली साइटच्याच आत, पत्र्याच्या कुंपणामागे. त्याचा ठेकेदार त्याच्याच गावाकडचा, किराणा कोपऱ्यावरच्या एकाच दुकानातून. काम संपलं की टोळी दुसऱ्या साइटवर. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला तो रोज दिसतो पण कधी भेटत नाही. नुसतं दिसणं ही ऑलपोर्टच्या अर्थानं ओळख नाही. उलट अनेक देशांत असं आढळलं आहे की अगदी मिश्र वस्तीत राहणाऱ्यांपेक्षा तिच्या कडेला राहणाऱ्यांची भीती जास्त असते, कारण त्यांना बदल दिसतो, माणसं मात्र कळत नाहीत. आमच्या लेआउटच्या बैठकीत सर्वांत जोरात बोलले ते साइटपासून चार गल्ल्या दूर राहणारे. साइटच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू एवढंच म्हणाल्या, "त्या बाईचं लेकरू तापानं फणफणलं होतं तवा मीच गोळी दिली. पाणी भरू द्या."

## किती आले, त्यापेक्षा किती वेगानं आले

तिसरी गोष्ट वेगाची. वाटीत मीठ कमी-जास्त असण्यापेक्षा ते एकदम पडलं की जिभेला झोंबतं. डॅनियल हॉपकिन्स या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं 2010 मध्ये दाखवलं की एखाद्या गावात बाहेरच्यांचं प्रमाण मुळात जास्त असणं हे विरोधाचं कारण नसतं. विरोध उसळतो तो दोन गोष्टी एकत्र आल्यावर. गावात बदल अचानक व्हायला हवा, आणि त्याच वेळी देशभराच्या चर्चेत तो विषय तापलेला हवा. नुसता बदल लोक पचवतात. नुसती भाषणंही कानाआड जातात. दोन्ही एकदम आलं की शेजारी 'समस्या' होतो.

जुनं नागपूर हळूहळू भरलं. सिंधी, बंगाली, मारवाडी, तमिळ यांना मिसळायला दशकं मिळाली. शहराच्या कडेचे भाग मात्र आमच्या डोळ्यांदेखत बदलले. ज्या शेतात दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्वारी पाहिली तिथे आज फ्लॅटची सात मजली स्कीम आहे. रस्ता, गटार, नळ यायच्या आधी माणसं आली. मग रोज सकाळी जे कमी पडतं त्याचा हिशेब समोर दिसणाऱ्या माणसाच्या नावावर लिहिला जातो.

2019 चं पाणी आठवा. जुलैमध्ये महापालिकेला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पेंचच्या तोतलाडोह धरणानं तळ गाठला होता, पाऊस लांबला होता, आणि नदीच्या वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यामुळे खाली येणारं पाणी घटलं होतं. पण टँकरच्या रांगेत मी काय ऐकलं? "लोकसंख्या किती वाढली, बाहेरून येऊन राह्यले ना सगळे." चौराई कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. रांगेतली अनोळखी बाई होती. माणूस आपल्या अडचणीचं कारण दिसेल त्यात शोधतो, आणि पाटबंधाऱ्याचं नियोजन रांगेत उभं राहिलेलं दिसत नाही.

शहरावर ताण येत नाही, असं मी म्हणत नाही. येतो. वस्ती वाढली की पाणी जास्त लागतं, कचरा जास्त होतो, दवाखान्यात गर्दी होते. फक्त त्यातला वाटा कोणाचा किती, हे पाहायला हवं. साइटवरचं कुटुंब एका ड्रमात दिवस काढतं. त्यांनी बांधलेल्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये त्याच्या कितीतरी पट पाणी जातं, आणि त्या फ्लॅटमध्ये राहायला येणारेही बहुतेक कुठून तरी आलेलेच असतात, चंद्रपूरहून, अमरावतीहून, दुबईहून परतलेले. त्यांना कोणी ताण म्हणत नाही.

## नागपूरच्या तक्रारीचं तोंड दुसरीकडे आहे

आत्येबहिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे सापडलं. प्रत्येक शहराची एक जुनी तक्रार असते आणि 'परका' कोण हे बरंचसं त्या तक्रारीवरून ठरतं. मुंबईची तक्रार येणाऱ्यांबद्दल आहे. नागपूरची तक्रार गेलेल्या गोष्टींबद्दल आहे.

नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाचीही राजधानी, 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत. मंत्रालय इथे, उच्च न्यायालय इथे, विद्यापीठ 1923 पासून. रायपूर, जबलपूर, छिंदवाड्याचा माणूस कामासाठी नागपूरला येई, कारण ते त्याच्याच राज्याचं मुख्य शहर होतं. प्रांत मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांचा. हिंदी इथे बाहेरून आलेली नाही, ती कचेरीत आणि बाजारात आधीपासून होती. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी 1975 मध्ये नागपुरात भरलं. आमची मराठीच ऐका ना: 'काय करून राह्यला?' पुण्याचा माणूस हसतो, पण हिंदीतलं 'कर रहा है' शेजारी ठेवलं की शेकडो वर्षांचा शेजार कानाला कळतो.

1956 मध्ये राजधानी गेली, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्याआधी 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला निधीत आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचं, वर्षातून एकदा विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरवण्याचं ठरलं होतं. अधिवेशन भरतं. वाट्याचं काय झालं यावर 1984 मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला आणि 'अनुशेष' हा शब्द घराघरात पोचला. अनुशेष म्हणजे जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही त्याची थकबाकी. इथल्या माणसाकडे नोकरीचा विषय काढा, तो पश्चिम महाराष्ट्राचं नाव घेतो. रायपूरच्या मजुराचं नाव त्याच्या तोंडी येत नाही. त्याचा सगळा राग आधीच दुसऱ्या पत्त्यावर गेलेला असतो.

## 'म्हणजे नागपूरकर मोठ्या मनाचे नाहीत म्हणता?'

हे ऐकून माझे मित्र नाराज होतात. ते 2020 ची आठवण देतात आणि ती खरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, हैदराबाद आणि मुंबईकडून उत्तरेला चालत निघालेल्या हजारो लोकांची वाट नागपूरवरूनच होती. आउटर रिंगरोडवर लोकांनी मांडव टाकले. भात, पोळी-भाजी, ताक, चपला वाटल्या. मीही दोन दिवस पाण्याच्या ड्रमापाशी होतो. एका माणसाच्या पायाला फाटलेल्या गोणपाटाचे तुकडे बांधलेले होते, ते सोडून चप्पल घालताना त्याला इतकं दुखलं की त्यानं चप्पल पिशवीत ठेवली आणि पुन्हा गोणपाट बांधलं.

ती माया खोटी नव्हती. पण ती पाहुण्याबद्दलची माया होती. तो जाणार होता. पाहुण्याला आपण गादी देतो, भाडेकरूकडून करार लिहून घेतो. त्याच रिंगरोडजवळच्या वस्तीत वर्षभरानं दोन मजूर कुटुंबांना खोली मिळवून देताना मी अकरा दारं फिरलो. "फॅमिली आहे का? कुठले? नाही हो, आमच्या इथे आपले लोक राहतात." मोठं मन आणि छोटं मन एकाच माणसात असतं. कोणतं पुढे येईल हे बऱ्याचदा समोरचा जाणार आहे की राहणार आहे, यावर ठरतं.

आणि ही सहजता कायमची आहे असं मी धरून चालणार नाही. मिहानमध्ये, गोदामांत, घरपोच सामान पोचवण्याच्या कामात इथला बारावी-पदवी झालेला मुलगा आणि बाहेरचा मुलगा आता एकाच रांगेत उभे राहू लागलेत. वायनर यांनी सांगितलेली परिस्थिती इथेही जुळू शकते.

## 'पण मराठीचं काय?'

हा आक्षेप मला हलका वाटत नाही. नागपुरात दोन मराठी माणसं दुकानात भेटली की हिंदीत सुरू होतात, हे मलाही टोचतं. मुलगी परवा मराठी भाजीवाल्या मावशींशी हिंदीत बोलली तेव्हा मी तिला थांबवलं. पण यात बालाघाटच्या रेजेचा हात किती? तिला तर साइटवर मराठी शिकावीच लागते, 'इकडं आण', 'माल कालव', 'हळू' एवढी तरी. तिची मुलं महापालिकेच्या मराठी शाळेत जाऊ शकतात, जातातही, पण त्या शाळा एकेक करून बंद पडताहेत, कारण आपण आपली मुलं तिथून केव्हाच काढली. मराठीची काळजी असेल तर पहिलं काम आपल्या घरात आणि त्या शाळांत आहे. येणाऱ्याला मराठी यावी ही अपेक्षा मला रास्त वाटते, फक्त ती शिकायची जागाही आपण शिल्लक ठेवायला हवी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण 'यांना रोखता येत नाही का?' असं नेहमी विचारलं जातं. राज्यघटनेच्या 19 व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना 75 टक्के जागा राखण्याचा कायदा केला, तो उच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला.

## नगरसेवकाच्या दारात

मतं फक्त मनात राहिली तर एवढा विचार करायची गरज नसती. ती पाणी, रेशन, दाखले यांत उतरतात. गायकवाड आणि नेलिस यांनीच भारतातल्या अनेक शहरांत एक प्रयोग केला. नगरसेवकांना मदत मागणारी पत्रं पाठवली, मजकूर सारखा, फक्त काही पत्रांत लिहिणारा नव्यानं शहरात आलेला आणि काहींत जुना रहिवासी. नव्यानं आलेल्याला उत्तराचा फोन येण्याची शक्यता 23 टक्क्यांनी कमी निघाली. कारण शोधलं तर दिसलं की नगरसेवक धरून चालतात, या माणसाचं इथल्या मतदार यादीत नाव नसणार. नाव आहे असं कळलं की फरक कमी होतो.

म्हणजे इथेही द्वेषापेक्षा हिशेब मोठा होता, आणि हिशेब बदलता येतो. मतदार यादीतलं नाव, रेशन कार्ड कुठेही चालणं, साइटवर पाण्याचा स्वतंत्र टँकर लावण्याची बिल्डरवर सक्ती. यातल्या शेवटच्या गोष्टीनं आमच्या लेआउटचा वाद मिटला. बोअरवरून भांडणारे दोन्ही गट एकत्र जाऊन बिल्डरच्या माणसाला भेटले, चार दिवसांत टँकर सुरू झाला. त्यानंतर 'बाहेरचे' हा शब्द मी आमच्या बैठकीत ऐकला नाही, निदान पाण्यावरून तरी.

मिस्त्री भाऊंचा रेटाचा प्रश्न इतका सोपा नाही. बाहेरचा मिस्त्री कमी पैशांत का तयार होतो? कारण त्याची इथे कुठेच नोंद नाही, ठेकेदार देईल ते त्याला घ्यावं लागतं. त्याला पूर्ण मजुरी मिळाली तर भंडाऱ्याच्या मिस्त्रीचा रेट आपोआप टिकतो. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा आहे, राज्यात कल्याण मंडळ आहे, मुलांची शिष्यवृत्ती, दवाखान्याचा खर्च अशा योजना आहेत. नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो बहुधा ठेकेदाराकडूनच आणावा लागतो, आणि ठिय्यावरून रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला 90 दिवसांचा दाखला कोण देणार?

गच्चीचं काम संपलं त्या दिवशी मी भाऊंना हे विचारलं. ते म्हणाले, "मागितला होता ना. मागच्या साइटवर चार महिने होतो. ठेकेदार म्हणते, पुढच्या महिन्यात या." सिमेंटची रिकामी पोती झटकून घडी घालत असलेली रेजा मागून म्हणाली, "हमको भी वही बोला." भाऊंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "कौनसी साइट?" तिनं नाव सांगितलं. तीच होती.